आजार त्यांचा, माहिती आपल्याकडे

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली छोटी ग्रंथी. साठीनंतर रात्री लघवीला चार वेळा उठावं लागलं की आपल्याकडचे पुरुष ते वयावर ढकलतात आणि कंबर दुखली की कामावर. त्यामुळे या ग्रंथीचा कॅन्सर लक्षात येतो तेव्हा पुष्कळदा तो हाडांत उतरलेला असतो. अशा घरात औषधांच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो: पेशंटला सांगायचं का? बायको आणि मुलं बहुतेक वेळा त्याचं उत्तर परस्पर देऊन टाकतात, आणि ते मायेपोटीच देतात.

पुढचा संवाद कल्पित आहे, पण त्यातली दोन्ही मतं आपल्या घराघरांत आहेत. घर सातारा जिल्ह्यातलं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला सहासष्ट वर्षांचा माणूस, त्याची बायको आणि मुंबईत नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली त्याची धाकटी बहीण. तपासण्या पुण्यात झाल्या आहेत. या ग्रंथीची रक्ततपासणी म्हणजे पीएसए. तो साधारणपणे ४ च्या आत असतो, याचा २१२ आला आहे. बायोप्सीत ग्लिसन स्कोअर ९, म्हणजे कॅन्सर आक्रमक जातीचा, निघाला आहे. बोन स्कॅनमध्ये कंबरेचे मणके, खुबा आणि दोन बरगड्यांत आजार दिसला आहे. माझा कल वन्संच्या बाजूला आहे, हे आधीच सांगते. पण वहिनींचं म्हणणं ऐकून न घेता कुणी त्यांच्या घरात सल्ला द्यायला जाऊ नये, असंही मला मनापासून वाटतं.

तो पारावर गेला आहे. दोघी स्वयंपाकघरात आहेत.

वन्सं : वहिनी, या पाकिटातल्या गोळ्या तशाच आहेत. दादा घेत नाही का?

वहिनी : मधेच सोडतात. पोटात कसंतरी होतं म्हणतात. ताकदीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलंय मी. तर म्हणतात, ताकद आहे मला, कशाला हव्यात?

वन्सं : ही बायकॅल्युटामाइड आहे. पुढच्या आठवड्यात त्याला हार्मोनचं पहिलं इंजेक्शन आहे ना? या कॅन्सरला पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, पोसतं. इंजेक्शन ते हार्मोन बंद पाडतं, पण पहिले काही दिवस उलट वाढवतं. ज्याच्या मणक्यांत आजार आहे त्याला ती वाढ महागात पडू शकते. दुखणं वाढतं, मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. ती झळ बसू नये म्हणून ही गोळी आधीपासून द्यायची असते.

वहिनी : एवढं मला कुणी फोड करून सांगितलं नाही हो. आजपासून समोर उभी राहून देते.

वन्सं : द्याल, मला माहीत आहे. पण ही कशाची गोळी आहे हे त्याला ठाऊक असतं तर त्यानं ती सोडली असती का?

वहिनी : आलात ना मुद्द्यावर. सकाळी पिशवी टेकलीत तेव्हाच मला कळलं होतं, वन्सं हा विषय काढणार. तर ऐका. मी त्यांना सांगणार नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. प्रोस्टेटला सूज आहे आणि हाडं ठिसूळ झालीत, एवढंच त्यांना माहीत आहे. ते पुरेसं आहे.

वन्सं : का सांगायचं नाही?

वहिनी : माझ्या थोरल्या भावाचं तुम्हाला माहीत आहे. तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी भरल्या ओपीडीत, लोक ऐकत असताना, सांगून टाकलं. त्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पडला. घास घेईना, बोलेना. आजारानं जायच्या आधी तो धसक्यानंच गेला, असं मी आजही म्हणते. तुमच्या दादाचं तसं झालेलं मला बघायचं नाही.

वन्सं : भरल्या ओपीडीत, उभ्या उभ्या कुणालाच असं सांगू नये. त्या दिवशी जे झालं ते वाईटच झालं. पण मला सांगा, नंतर घरी आल्यावर त्याच्याशी कोण बोललं?

वहिनी : कोण बोलणार? विषयच काढायचा नाही असं ठरलं होतं. त्याची बायको सारखी म्हणायची, काही झालं नाही तुम्हाला, बरे होणार तुम्ही.

वन्सं : म्हणजे त्याला कळलं होतं, आणि घरात त्याच्याशी त्याबद्दल बोलणारं कुणीच उरलं नव्हतं. वॉर्डात मी अशी माणसं बघितली आहेत. आजाराची भीती असतेच, पण सगळे आपल्यासमोर नाटक करताहेत हे कळल्यावर माणूस फार एकटा पडतो.

वहिनी : तुमची ड्युटी संपली की तुम्ही घरी जात होता. इथं रात्री दोन वाजता ते जागे असले की शेजारी मी असते. आणि आणखी एक ऐका. पुण्यात डॉक्टर फाइल उघडून बसले तेव्हा हे स्वतःच म्हणाले, साहेब, जे काय असेल ते पोराला सांगा, मी बाहेर बसतो. मी त्यांना बाहेर काढलं नाही. आणि बाहेर कुठं बसले? त्या विभागाच्या पाटीकडे पाठ करून. त्यांना कळून घ्यायचं नाही, हे आणखी कसं सांगायला हवं त्यांनी?

वन्सं : हे तुम्ही आधी बोलला नव्हता.

वहिनी : तुम्ही विचारलं नव्हतं.

वन्सं : हे महत्त्वाचं आहे. मला सांगू नका, असं म्हणायचा पेशंटला हक्क आहे. तो मी मोडणार नाही. पण पाटीकडे पाठ करून बसलेल्या माणसानं पाटी वाचलेली असते, वहिनी. त्याला कळून घ्यायचंच नाही, की कळलंय आणि पोरासमोर रडू येईल याची भीती वाटली, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. ते त्यालाच विचारावं लागेल.

वहिनी : आणि विचारताना सगळं फुटणार.

वन्सं : विचारणं आणि सांगणं वेगळं. आधी म्हणायचं, तुम्हाला स्वतःला काय झालंय असं वाटतं? तो काय बोलतो ते ऐकायचं. मग विचारायचं, पुढचं सगळं तुम्हाला सांगत जाऊ, की जरुरीपुरतं सांगू, की आम्हीच बघू? तो म्हणाला तुम्हीच बघा, तर तो निर्णय त्याचा झाला. आता तो तुम्ही त्याच्या वतीनं घेतलाय.

वहिनी : बायकोनं नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा? पस्तीस वर्षं घर मी चालवलं. हे दोन दोन दिवस गाडीवर. पोरांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण, कर्ज, सगळं मीच निस्तरलं. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी बोलून दाखवलं नाही.

वन्सं : आईचं तुम्ही केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. पण हे त्याच्या शरीराबद्दल आहे. इंजेक्शन घ्यायचं हे कुणी ठरवलं?

वहिनी : मी आणि पोरानं. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर तीन महिन्यांनी एकदा इंजेक्शन. नाहीतर छोटं ऑपरेशन करून, ते... ते काढून टाकायचं. मी तिथल्या तिथं नाही म्हटलं. कुठल्या पुरुषाला ते चालेल?

वन्सं : वृषण काढण्याचं ऑपरेशन. कॅन्सरवर गुण दोन्हींचा सारखाच येतो. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी हे दाखवलं, की पुरुषी हार्मोन तोडलं की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आजही उपचाराचा पाया तोच आहे. इंजेक्शन थांबवता येतं, ऑपरेशन परत फिरवता येत नाही. ऑपरेशन एकदाच होतं, त्यात ती सुरुवातीची हार्मोनची उसळी नाही, आणि दर तिमाहीला इंजेक्शनचा खर्चही नाही. दोन्हींना बाजू आहेत. कदाचित दादा इंजेक्शनच म्हणेल. कदाचित म्हणेल, पोराच्या पगारातून आयुष्यभर इंजेक्शनं नकोत. पण त्याला विचारलंच नाही. फॉर्मवर सही कुणाची आहे?

वहिनी : त्यांचीच. पोरानं बोट ठेवलं तिथं केली.

वन्सं : वहिनी...

वहिनी : असं बघू नका माझ्याकडे. पैशाचं म्हणाल तर फुले योजनेत बसवायचं चाललंय. पोरगा हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटून आलाय.

वन्सं : ते चांगलं केलंत. महात्मा जोतिराव फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. कुठली औषधं बसतात आणि कुठली बसत नाहीत, ते लिहून घ्यायला सांगा त्याला. कारण आता नुसत्या हार्मोनवर भागत नाही. सोबत दुसरं औषध दिलं तर माणसं जास्त जगतात, हे गेल्या दहा वर्षांत पक्कं झालंय. एक तर डोसिटॅक्सेल, म्हणजे केमो, तीन तीन आठवड्यांनी सहा वेळा. नाहीतर अबिराटेरोन किंवा त्या जातीच्या रोजच्या गोळ्या. दादाला काय देणार?

वहिनी : गोळ्या म्हणाले. अबिराटेरोनच. केमो लागली तर पुढं बघू म्हणाले.

वन्सं : ती गोळी हजार मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस असेल तर रिकाम्या पोटी घ्यायची असते. जेवणाबरोबर घेतली तर ती रक्तात खूप जास्त चढते. सोबत प्रेडनिसोलोन असतं, ते आपल्या मनानं एकदम बंद करायचं नसतं. बीपी, पोटॅशियम, लिव्हर बघत राहावं लागतं. या सगळ्या ताकदीच्या गोळ्या म्हणून खपवणार आहात?

वहिनी : मी वेळापत्रक करीन. भिंतीवर लावीन.

वन्सं : भिंतीवरचं तो वाचेल.

वहिनी : वन्सं, पोरानं मोबाईलवर काय वाचलं ते सांगू? तीन वर्षं. त्या रात्री तो जेवला नाही. आता हे मी यांना सांगू? तीन वर्षं म्हणून? तुम्हाला खरं बोलायचं असतं, ठीक आहे. पण असलं खरं घेऊन माणसानं सकाळी उठून करायचं काय?

वन्सं : ते सांगू नका. त्यानं विचारल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि तो आकडा काय असतो तेही समजून घ्या. अमेरिकेत ७९० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. नुसत्या हार्मोनवर असलेल्यांचा मधला आकडा ४४ महिने होता, सोबत केमो घेतलेल्यांचा जवळपास ५८. ज्यांचा आजार आधीच फार पसरला होता त्यांचे आकडे याहून कमी होते, ३२ आणि ४९. मधला आकडा म्हणजे निम्मी माणसं त्याच्याही पुढं जगली, काही पुष्कळ पुढं. दादा त्यात कुठं बसेल हे कुठलाच डॉक्टर आज सांगू शकत नाही. पहिल्या सहा-सात महिन्यांत पीएसए किती खाली येतो, त्यावरून थोडा अंदाज येईल.

वहिनी : मग हे तुम्हाला पटतं तर. सगळं सांगायचं नाही.

वन्सं : सगळं एका दमात सांगायचं नाही, हे पटतं. न विचारलेलं त्याच्यावर लादायचं नाही, हेही पटतं. तुमच्या भावाच्या बाबतीत तेच झालं. पण एक गोष्ट अशी आहे, की जी त्याला कळायलाच हवी, त्यानं विचारलं नाही तरी.

वहिनी : कुठली?

वन्सं : पाठ. दादाच्या कंबरेच्या मणक्यांत आजार आहे. तो मज्जारज्जूवर दाबला तर पायात मुंग्या येतात, पाय जड पडतात, चालताना लटपटतात. बसायच्या जागी बधिर लागतं. लघवी अडकते, नाहीतर कळतच नाही. पाठीत नवीन कळ येते, खोकलं की किंवा आडवं झालं की वाढते. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. रात्र असली तरी, रविवार असला तरी. लगेच एमआरआय होतो, स्टिरॉइड देतात, मग रेडिएशनचा शेक देतात किंवा ऑपरेशन करतात. पायावर चालत आलेला पेशंट बहुतेक वेळा चालता राहतो. पाय गेल्यावर आणलेला परत उभा राहणं फार अवघड.

वहिनी : अरे देवा.

वन्सं : आता मला सांगा, मुंग्या आल्या तर पहिल्यांदा कुणाला कळणार? तुम्हाला की त्याला? आणि तो काय करेल? आयुष्यभर खंबाटकीचा घाट दुखऱ्या कंबरेनं चढवला त्यानं. कधी बोलला? आजही त्याला वाटतं, एसटीच्या सीटनं कंबर खाल्ली. पायात मुंग्या आल्या तर म्हणेल, शीर धरली असेल. तेल लावून झोपेल. तुम्ही कितीही डोळ्यांत तेल घालून बसा, त्याच्या पायात काय होतंय ते तुम्हाला दिसणार नाही.

वहिनी : परवाच म्हणाले होते, डावा पाय झोपतो.

वन्सं : परवा? आणि आता?

वहिनी : मांडी घालून बसले होते तेव्हा. उठून फिरले आणि गेलं. आज पारावर चालत गेलेत ना.

वन्सं : तरी आज संध्याकाळी पुण्याला फोन करून डॉक्टरांच्या कानावर घालूया. बहुतेक काही नसेल. पण ते आपण ठरवायचं नाही.

वहिनी : लावते. आता लगेच लावते.

वन्सं : लावा. आणि हातासरशी त्यांना विचारून घ्या, किती वजन उचलायचं, किती चालायचं.

वहिनी : उचलणं? मी त्यांना पाण्याची घागरसुद्धा उचलू देत नाही. सकाळचं फिरणं बंद केलंय. हाडं मोडली तर?

वन्सं : ती भीती खोटी नाही. जिथं हाड पोखरलंय तिथं मोडू शकतं. म्हणूनच काय चालेल ते डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. पण पलंगावर बसवून ठेवू नका. हार्मोन बंद झाल्यावर स्नायू गळतात, पोट सुटतं, हाडं आणखी विरळ होतात, शुगर वाढू शकते, थकवा येतो. यावर चालणं आणि झेपेल तेवढा व्यायाम यासारखं औषध नाही. हाडांसाठी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व लागेल. कदाचित झोलेड्रोनिक अॅसिडसारखं इंजेक्शनही देतील. ते सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या. किडलेला दात आधीच काढलेला बरा, नंतर जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो.

वहिनी : आणि साखर? मी साखर, गूळ, दूध सगळं बंद केलंय. गव्हांकुराचा रस देते. गावातल्या वैद्यांची एक पूड आणलीय.

वन्सं : साखर सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, वहिनी. दादा मात्र उपाशी राहील. वजन आणि शुगर वाढू नये म्हणून गोड बेतानं द्या, एवढंच. त्याला डाळी, उसळी, अंडी, दही, ताक हवं. स्नायू टिकायला हवेत. आणि ती पूड आज बंद. तिच्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही, आणि अबिराटेरोनचा भार लिव्हरवर येणारच आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काही देऊ नका.

वहिनी : तुम्हाला वाटतं मी भोळी आहे. मला कळतं हो, पुडीनं काही होणार नाही ते. पण सकाळी उठून ती मधात कालवली की वाटतं, मी काहीतरी करतेय. नाहीतर काय करू मी? पुण्याला गेलं की पोरगा बोलतो, डॉक्टर बोलतात, मी पिशवी धरून बसते. देवळात जाते म्हणून सांगते आणि तिथं पायरीवर नुसती बसून येते. घरात रडायची सोय नाही. ह्यांना काही माहीत नाही ना.

वन्सं : तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत?

वहिनी : संपल्यात. आणायच्यात.

वन्सं : आज आणू. वहिनी, दादापासून लपवायचं म्हणजे तुम्हाला त्याच्याजवळ बसून रडताही येत नाही. पस्तीस वर्षांत तुमचं एवढं मोठं दुःख त्याला माहीत नाही असं कधी झालं होतं?

वहिनी : नाही.

वन्सं : आणखी एक बोलते. त्याची बहीण म्हणून मला बोलायला जड जातं, पण नर्स म्हणून बोलायलाच हवं. या औषधांनी त्याची इच्छा जाईल. अंगातून गरम वाफा निघतील, घाम फुटेल, आपल्याला पाळी जाताना व्हायचं तसं. छाती थोडी भरू शकते. मन हळवं होतं, चिडचिड होते, रडू येतं. औषधामुळे होतंय हे त्याला ठाऊक नसेल तर त्याला काय वाटेल? आपण पुरुष म्हणून संपलो, असंच वाटेल. आणि ते तो कुणालाही बोलणार नाही.

वहिनी : या वयात काय त्याचं, वन्सं.

वन्सं : वयाचं तुम्ही बघा, मी विचारत नाही. पण कुशीत हात ठेवायला वय लागत नाही. तुम्ही त्याची खाट बाहेर टाकलीत ना?

वहिनी : त्यांना नीट झोप लागावी म्हणून. रात्री सारखं उठावं लागतं, माझ्या कुशी बदलण्यानं आणखी मोड होते.

वन्सं : ते तुम्ही त्याला सांगितलंत?

वहिनी : नाही. त्यांनीही विचारलं नाही. उशी उचलली आणि गेले.

वन्सं : आत घ्या त्याला.

वहिनी : घेते. पण मला एक सांगा. तुम्ही एवढ्या अडून बसलाय त्यात तुमचंही काही आहे का?

वन्सं : आहे. लपवत नाही. आजार असा पसरलेला असतो तेव्हा साधारण दहा-बारा टक्के पेशंटांत जन्मजात एखादं जनुक बिघडलेलं सापडतं. बीआरसीए २ हे त्यातलं मुख्य. म्हणून अशा प्रत्येक पेशंटची ती रक्ततपासणी करावी असा सल्ला आहे. दादात ते सापडलं तर त्याला पुढं ओलापॅरिबसारखं वेगळं औषध चालू शकतं. पण ते जनुक त्याच्या पोराकडे, तुमच्या लेकीकडे आणि माझ्याकडेही असू शकतं, प्रत्येकाला निम्मी शक्यता. बायकांत त्यानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. माझ्याही पोटी मुली आहेत. दादाला काहीच माहीत नसताना त्याचं रक्त घेऊन माझ्या मुलींचं भविष्य वाचायचं, हे माझ्यानं होणार नाही.

वहिनी : हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेक सात महिन्यांची गरोदर आहे. तिला आत्ता...

वन्सं : आत्ता काही नाही. आधी दादाची तपासणी, तीही त्यानं हो म्हटल्यावर. घाई कसलीच नाही.

वहिनी : पुण्यातल्या त्या सिस्टरनं एक चिठ्ठी दिली होती. पॅलिएटिव्ह केअर. वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे म्हणाली, पैसे लागत नाहीत. मी चिठ्ठी लपवून ठेवली. ते तर शेवटच्यांसाठी असतं ना?

वन्सं : लोकांना तसंच वाटतं, म्हणून उशिरा जातात. दुखणं, झोप, भूक, भीती, घरच्यांची ओढाताण, हे सगळं बघणं हे त्यांचं काम. कॅन्सरचं औषध चालू असताना बरोबरीनं घ्यायचं असतं ते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांवर २०१० साली अभ्यास झाला, त्यात ज्यांना ही मदत सुरुवातीपासून मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, आणि ते काही महिने जास्तही जगले. तुम्ही दोघं जाऊन या. तुमच्या भावाच्या बाबतीत जे बोलणं कुणालाच जमलं नाही, ते कसं करायचं हे त्यांना येतं.

वहिनी : बरं. आता माझं ऐका. तुम्ही म्हणता ते सगळं मला पटलेलं नाही. एखाद्याला खरंच कळून घ्यायचं नसतं, आणि माझा नवरा तसा असेल तर मी मरेपर्यंत त्याच्यासमोर हसून खोटं बोलीन, त्याचं मला पाप वाटणार नाही. तुमच्या पुस्तकात ते चूक असेल.

वन्सं : त्यानं तसं मागितलं असेल तर माझ्याही पुस्तकात ते चूक नाही.

वहिनी : मग माझ्या अटी ऐका. एक, विचारीन मी. तुम्ही नाही, पोरगा नाही. दोन, वर्षांचा आकडा त्यांनी स्वतः विचारल्याशिवाय या घरात कुणी तोंडातून काढायचा नाही. पोराला तुम्ही सांगा, माझं ऐकणार नाही तो. तीन, त्यांनी एकदा नको म्हटलं तर विषय बंद.

वन्सं : तिन्ही कबूल. माझी एकच. आज नको म्हणाला तरी महिन्यानं पुन्हा एकदा विचारायचं. माणसाचं मन बदलतं.

वहिनी : विचारीन. आणि ऑपरेशन की इंजेक्शन, ते डॉक्टरांना पुन्हा एकदा त्यांच्यासमोर सांगायला लावीन. पहिलं इंजेक्शन व्हायच्या आत. सही त्यांची आहे तर ऐकायलाही तेच पाहिजेत.

वन्सं : त्या दिवशी मीही येते पुण्याला. बाहेर बसेन.

वहिनी : या. पण पाठीचं आणि पायाचं मी आज रात्रीच सांगते त्यांना. सांगेन, तुमच्या मणक्यात दुखणं आहे, मुंग्या आल्या, पाय जड झाला, लघवी अडली की मला लगेच हाक मारायची, रात्री दोन वाजता असलं तरी. त्यावर ते काय विचारतात ते बघू. जे विचारतील त्याचं उत्तर खोटं देणार नाही.